तिसरी सही

सोमवार, ४ मार्च
गावात येऊन आज तिसरा दिवस. ताईने माडीवरची खोली दिली, खिडकीखाली माझं टेबल बरोब्बर मावलं, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात कामही मिळालं. परीक्षा म्हणून मालकांनी एक एवढंसं मनगटी घड्याळ पुढ्यात टाकलं. मी डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने जागेवर बसवली. त्यांनी सरळ दुकानाची किल्ली हातात ठेवली.

संध्याकाळी ताईबरोबर नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. अकरा वर्षं झाली या दुखण्याला. कधी महिनाभर झोप नको, चार माणसांचं काम एकटीने उरकते; कधी महिनाभर अंथरूण सुटत नाही. मला काय झालंय ते डॉक्टरांनी आजवर आईला सांगितलं, ताईला सांगितलं, एकाने तर सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याला सांगितलं. या बाईंनी मात्र पेन खाली ठेवून मलाच विचारलं, तुम्हाला काय हवंय. मला रडूच आलं. मी म्हटलं, हात स्थिर हवेत. या दुखण्यावरच्या गोळीतलं लिथियम वाढलं की हात थरथरतात, आणि हात गेले की मी कसली उरते. तिघींनी मिळून ठरवलं : रोज दोनच गोळ्या, महिन्याला रक्ततपासणी, आणि मी रोजनिशी लिहायची. निर्णयाच्या कागदावर तिघींनी सह्या केल्या. आधी त्यांची, मग ताईची, तिसरी माझी.

बुधवार, २० मार्च
झोप सात तास, डोकं ठिकाणावर. गोळ्यांच्या नव्या पाकिटावर मात्र रोज चार घ्या असं लिहिलेलं. चूक असेल म्हणून विचारायला गेले. डॉक्टरीणबाई प्रेमाने म्हणाल्या, काल दुपारी तुम्हीच येऊन कबूल केलंत. कागद दाखवला. तिसरी सही माझीच, शेवटच्या शेपटीसकट.

काल दुपारी मी दुकानात होते. मालकांना विचारलं, तेही म्हणाले, इथेच होतीस, मान वर केली नाहीस. ताई म्हणते, वेडी आहेस का, मीच सोबत होते. मग तिने जीभ चावली. आमच्या घरात तो शब्द काढत नाहीत.

मी भांडले. पण ठरवलेलं मोडायला निघाले म्हणजे दुखणं उलटलं, हे दोघींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. गोळ्या घेतल्या.

मंगळवार, २ एप्रिल
दोन स्प्रिंगा तुटल्या. चिमटा धरवत नाही. दवाखान्यात माझा आवाज चढला, तेव्हा बाईंनी ‘चिडचिड’ एवढंच लिहून घेतलं. खिडकीवर नावं लिहिणारी म्हणाली, सकाळी किती गोड बोलत होतात.
सकाळी मी गेलेच नव्हते.
नवा निर्णय : पाच गोळ्या, आणि काम बंद. दुकानात धावले. मालक म्हणाले, किल्ली कालच देऊन गेलीस, हसत हसत. माझ्या पर्सच्या कप्प्यात किल्ली नाही.

शनिवार, ६ एप्रिल
खाली ताई कुणाशी तरी बोलत होती. दुसरा आवाज माझा. ताईच्या प्रत्येक वाक्याला — हो. बरं. तू म्हणशील तसं.
जिना उतरले. दोन कप, दोन्ही गरम. ताई एकटी. म्हणाली, आत्ताच तर समोर बसली होतीस.
इतकी खूश ताई मी अकरा वर्षांत पाहिली नाही. त्याचंच जास्त लागलं.

सोमवार, ८ एप्रिल
दवाखान्यात आलेय. सगळे निर्णय रद्द करा, असं मी म्हणाले. खिडकीवरची म्हणाली, सही करा. केली — वाकडी आली. पुन्हा — पुन्हा. तिने निर्णयाच्या कागदावरच्या सहीशी ताडून पाहिली. जुळत नाही म्हणाली. माझाच हात आहे, गोळ्यांनी असा — ऐकलं नाही. नातेवाइकांनी बाकावर बसावं म्हणाली, पेशंट आत आहेत.

दार अर्धं उघडं. बाकावर बसून लिहितेय, आतलं दिसतंय. ताई. बाई. आणि पाठमोरी — माझा निळा कुर्ता. हात टेबलावर. जराही हलत नाहीत.

डॉक्टरीणबाई तिला विचारताहेत, बाहेर बसलेल्या बाईंचं काय करायचं. पेन खाली ठेवून विचारताहेत.

ताईने वळून पाहिलं. मी हाक मारली — तिने ओळख दिली नाही —

ठरलं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी सही केली. ताईने केली. आता पेन तिच्या