येथे हेल्मेट थंड करून मिळेल

अप्पा, तुमच्या दुकानाची पाटी आता घरी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून असते. पत्रा चांगला आहे, अजून गंजला नाही. नळाला पाणी येतं त्या दिवशी मी ती उचलून भिंतीला टेकवते आणि पिंप भरेपर्यंत तुमची अक्षरं समोर असतात. वर लाल रंगात ‘सीटकव्हर, टाकीकव्हर, रेक्झिन काम’, आणि खाली जागा उरली म्हणून नंतर निळ्या रंगात लिहिलेलं, ‘येथे हेल्मेट थंड करून मिळेल’. ही ओळ मला फार आवडायची. शाळेत मैत्रिणींना सांगायचे, माझे वडील हेल्मेट थंड करतात. त्या विचारायच्या, फ्रीजमध्ये ठेवून? गेले काही महिने मी पाटी टेकवताना अक्षरांची बाजू भिंतीकडे करते. अव्वाच्या ते लक्षात आलेलं नाही, किंवा आलं असेल तरी ती बोललेली नाही. असं का करते ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगण्यासारखे तुम्हीच आहात.

भवानी पेठेतलं ते दुकान म्हणजे दोन घरांच्या मधल्या बोळावर टाकलेला पत्रा. मी सातवीत आहे, उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे, आणि रेक्झिनच्या गुंडाळीवर बसून मी पाय हलवते आहे. रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा वास सुटलाय. वरचा पत्रा तापून मध्येच कडकन वाजतो. कॉलेजचा एक पोरगा येऊन गाडी लावतो, हेल्मेट आरशाला टांगलेलं. तुम्ही मशीनवरून मान वर न करता विचारता, “काय रं, ॲक्सिडेंट आरशाचा होतोय का तुझा?” तो हसतो. “लई गरम होतंय की मामा. घाम डोळ्यात जातोय, म्होरचा रस्ताच दिसत न्हाय.” “आण हिकडं, थंड करून देतो. पण मग घालायचं बरं का. परत टांगलेलं दिसलं तर मी ठिवून घेणार.” मग तुम्ही आतलं काळं अस्तर उपसून काढता, लोखंड कापायच्या एक्साब्लेडचा मोडका तुकडा घेता आणि आतलं पांढरं थर्माकोल वरच्या बाजूने बोटभर खरवडून काढता. त्या जागी टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या तुकड्यांचं अस्तर. मध्ये वारा खेळायला जागा, घाम टिपायला टॉवेल, आणि शिवण अशी की कपाळाला कुठे लागत नाही. पोरगा ते डोक्यावर चढवून थोडा वेळ उन्हात उभा राहतो आणि ओरडतो, “एसी बसवलाय की मामा!” तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मिचकावता.

खाली पडलेले थर्माकोलचे दाणे माझे. ते मी परातीत गोळा करायचे, चुरमुरे म्हणून. रेक्झिनच्या लाल चिंध्यांचा टोमॅटो, हिरव्या दोऱ्याची कोथिंबीर, आणि भेळ तयार. कागदावर घालून ती तुम्हाला द्यायचे. तुम्ही हातातलं काम थांबवून चिमूटभर तोंडाजवळ न्यायचा, तोंड हलवायचा आणि म्हणायचा, “तिखट कमी हाय गं. उद्या जास्त घाल.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच चुरमुरे पडलेले असायचे.

तुमच्या बायकोचं, माझ्या अव्वाचं हेल्मेट तुम्ही सगळ्यांत मनापासून केलंत. ती तेव्हा नुकतीच मोपेडवरून खानावळींना कडक भाकरी पोचवायला लागली होती. तिचा अंबाडा मोठा आणि उंच, त्यावर हेल्मेट बसेचना. तुम्ही म्हणालात, घागरीवर घागर ठेवल्यासारखी दिसतेस. ती चिडून म्हणाली, “मग न्हाय घालत, जा.” तर तुम्ही दुपारचं जेवण बाजूला ठेवून तिला दुकानात स्टुलावर बसवलंत, अंबाड्याचं माप हाताने घेतलंत आणि हेल्मेटच्या मागच्या अंगाला पार आतपर्यंत कोरत गेलात. घालून बघ, काढ, पुन्हा कोर. शेवटी ते असं बसलं की अव्वाने मान हलवून पाहिली आणि लाजली. नंतर तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. मी नववीत होते. दुकान दुसऱ्याने घेतलं, मशीन आणि तुमची हत्यारं घरी आली. अव्वा भाकरी थापत राहिली, पोचवत राहिली, आणि रोज सकाळी तुमचं हेल्मेट घालत राहिली. आतला टॉवेल तिने कितीदा तरी धुऊन पुन्हा बसवलाय. खानावळवाल्यांना टकटक वाजवून दाखवते, “आमच्या मालकानं केलंय. दुकानात असलं मिळत न्हाय.”

मी इंजिनिअर झाले, अप्पा. आपल्या घरातली पहिली पदवी. आता गाड्यांच्या एका शोरूममध्ये सर्व्हिसला आहे. गाडी घेऊन आलेल्याची तक्रार ऐकायची, आत पोरांकडून काम करून घ्यायचं. मला हे काम आवडतं. येणाऱ्याला मी ब्रेक, टायर, आरसे सगळं समजावून सांगते आणि माझ्यामागे पोरं मला प्रवचनकार म्हणतात, हेही मला माहीत आहे. मला वाटायचं, खरं काय ते नीट सांगितलं की माणसं नीट वागतात. न सांगणाऱ्यांचीच चूक असते.

या उन्हाळ्याच्या आधी पुण्याहून एक सर आम्हाला शिकवायला आले. त्यांनी टेबलावर करवतीने एक हेल्मेट मधोमध कापलं आणि अर्धी वाटी हातात धरून विचारलं, यात डोकं कोण वाचवतं? सगळे म्हणाले, वरचं टणक कवच. ते म्हणाले, नाही, हे. आणि त्यांनी आतल्या पांढऱ्या थरात अंगठा रुतवला. डोकं आपटतं तेव्हा हे थर्माकोल चिरडतं. धक्का ते खातं, म्हणून मेंदूपर्यंत कमी पोचतो. मग त्यांनी भिंतीवर एक फोटो दाखवला, आतून कोरलेल्या हेल्मेटचा. “गावोगावी असे कलाकार असतात. गरम होतं म्हणून नेमकं हेच काढून टाकतात. लोकांच्या जिवाशी खेळतात आणि वर पैसे घेतात.” सगळे हसले. मी त्या टेबलाकडे बघत होते. करवतीखाली पांढरे दाणे पडले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी अव्वाचं हेल्मेट खुंटीवरून काढलं आणि टॉवेलखाली बोट घातलं. वरच्या बाजूला थर्माकोलचा पातळ पापुद्रा होता. मागे, अंबाड्याच्या जागी, टॉवेल संपला की थेट कवच. अव्वा आत पीठ मळत होती. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. अप्पा, पहिला विचार तिच्या डोक्याचा यायला हवा होता. आला तो तुमचा. तुम्हाला हे माहीत होतं का? त्या सरांनी सांगितलेले ते लोक म्हणजे तुम्ही का? मग मला वाटलं, माहीत असतं तर अव्वाच्या हेल्मेटला तुम्ही पातं लावलं असतं का? तिचं तर तुम्ही सगळ्यांत खोल कोरलंत. तुम्हाला माहीत नव्हतं याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे, आणि तो पुरावा रोज सकाळी गावातल्या रहदारीतून भाकरी घेऊन जातो.

अव्वाला सांगायच्या आधी मी दुसऱ्याच माणसाला सांगून बसले. तुमचे ते टॉवेलवाले काका आठवतात ना, गाडीच्या मागे गठ्ठा बांधून मैंदर्गीच्या बाजाराला जाणारे. ते सर्व्हिसिंगला आले. डोक्यावर तुमचंच हेल्मेट. मला बघून खूश झाले. “इंजिनेर बाई, वळखलं का? तुझ्या अप्पाच्या हातचं हाय बघ, अजून टाका उसवला न्हाय.” मी म्हणाले, “काका, हे घालू नका.” “का? वास येतोय व्हय? परवाच धुतलंय की.” मी त्यांना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. एका नव्या हेल्मेटच्या आत त्यांचा अंगठा दाबून दाखवला, मग त्यांच्या हेल्मेटमध्ये. त्यांनी पुन्हा एकदा स्वतःच दाबून पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजी इतकी वर्सं मी मोकळं डबडं घालून हिंडलो व्हय?” मी त्यांच्या हातून ते हेल्मेट घेतलं. “त्याला तरी कुटं ठावं हुतं,” ते स्वतःशीच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “तू शिकलीस, बरं झालं. न्हायतर कुनी सांगितलं असतं?” त्यांनी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. मी माझ्याकडून त्यांना नवं हेल्मेट घेऊन दिलं. जुनं त्यांनी परत मागितलं नाही. ते मी शोरूमच्या मागे नेऊन हातोडीने फोडलं, पुन्हा कुणी घालू नये म्हणून. टॉवेलचं अस्तर तेवढं काढून घेतलं. तुमची शिवण त्यांनी सांगितली तशीच होती, एकही टाका सुटलेला नाही.

पंधरवड्याने मी अक्कलकोट रोडला सिग्नलवर थांबले होते. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. शेजारी काकांची गाडी येऊन थांबली. मागे गठ्ठा, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, आणि मी दिलेलं हेल्मेट आरशाला टांगलेलं. मी म्हणाले, “काका, हे काय?” ते ओशाळले. “अगं, लई तापतंय ते. डोकं शिजतंय. मैंदर्गीपतूर जानं हुत न्हाय.” “मग निदान…” मी बोलले आणि थांबले. निदान काय? निदान जुनं तरी, असं माझ्या तोंडात आलं होतं. त्यांनीच ते पुरं केलं. “जुनं बरं हुतं. पर ते बिनकामाचं म्हनलीस की तू.” सिग्नल सुटला आणि ते पुढे गेले. गठ्ठ्याच्या वर तो ओला टॉवेल मला लांबपर्यंत दिसत होता.

तेव्हापासून माझा हिशेब लागत नाही. तुमचं कोरलेलं हेल्मेट डोक्यावर होतं. माझं अख्खं हेल्मेट आरशावर आहे. तुम्ही चूक केलीत आणि माणसं ते घालत होती. मी खरं सांगितलं आणि एका माणसाने काढून ठेवलं. त्या कॉलेजच्या पोरासारखे किती जण तुमच्यामुळे वर्षानुवर्षं ते चढवून फिरले असतील, त्यातला कुणी पडला असेल, कुणाचं अर्ध्या थरावर निभावलं असेल, कुणाचं नसेल, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही असता तर मी तुमच्याशी भांडले असते. तुम्ही म्हणाला असता, “बरं, मग ह्ये न कापता थंड कसं करायचं, सांग की.” तेच मी आता करते आहे. तुमच्या मशीनवर मलमलची टोपी शिवते, हेल्मेटच्या आत घालायची, भिजवून घट्ट पिळून. टॉवेल जाड होतो, हेल्मेट डोक्यावर चढत नाही. तीन टोप्या वाया गेल्या, शिवण कपाळाला रुतते. काकांचं अस्तर उसवून तुमची शिवण कशी आहे ते बघितलं, तरी मला तशी येत नाही. चौथी टोपी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. “बापाचा हात न्हाय,” म्हणाले, “पर बघतो घालून.” ते घालतात की नाही, मी अजून पाहिलेलं नाही.

अव्वाला मात्र मला तसं सांगता आलं नाही. काकांसारखं तिलाही ते मोकळं डबडं वाटलं, आणि मग ती टकटक वाजवून दाखवायची थांबली तर, हा एक विचार. आणि तिने टॉवेल गुंडाळला तर, हा दुसरा. मागच्या रविवारी ती न्हाऊन दारात बसली होती. मी कंगवा घेऊन मागे बसले. ती म्हणाली, “काय पायजे तुला? केस विंचरायला लागलीस म्हंजी कायतरी पायजे.” मी म्हणाले, काही नको, तुझी मान दुखते ना, अंबाडा जरा खाली बांधून बघते. केस आता निम्मे राहिलेत, अप्पा, आणि पांढरे. मी मानेवर सैलसर वेणी घातली. “साकु, साकु,” ती कानडीत म्हणाली, “पुरे गं,” पण मान हलवून पाहिली, त्या दिवशी दुकानात पाहिली होती तशीच. मग मी नवं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. नीट बसलं. आत काहीही कापावं लागलं नाही. वेणी चार बोटं खाली घ्यायची, एवढंच होतं. तुम्हाला हे कसं सुचलं नाही? की अंबाडा बदल असं तिला सांगायचं तुमच्या मनातच आलं नाही, म्हणून तुम्ही हेल्मेट बदललंत?

“हे कुनाचं?” तिने विचारलं. मी म्हणाले, शोरूममधून मिळालं. “आन् माझं?” मी म्हणाले, त्याचं बक्कल तुटलंय, लागत नाही. ती उठली, खुंटीवरून तुमचं हेल्मेट काढलं, पट्टा हातात घेऊन बक्कल उजेडात धरलं. “काल तर लागलं की.” “प्लास्टिक आहे गं, जुनं झालं.” तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बक्कलाकडे. “मग बसवून आण. तुमच्यात मिळत असंल तसलं.” ती सध्या नवं घालून जाते. गरम होतं म्हणून रोज कुरकुर करते आणि रोज विचारते, बक्कल आणलंस का? मी म्हणते, उद्या.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली राहील. एवढंच सांगायचं राहिलं. सगळ्या गावाला खरं सांगत फिरणाऱ्या तुमच्या मुलीने घरात हे केलं. ते बक्कल जुनं झालं नव्हतं, अप्पा. मी तोडलं, तुमच्याच पकडीने.