सिगारेट सोडल्याचे फायदे, दादाच्या मागणीवरून

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली वाकायला तयार नसतात, तेव्हा ते वगळून उरलेला नमस्कार गोड मानून घ्यावा.) आम्ही इकडे ठीक आहोत. शाळेत गुरुजींनी मोठ्यांना 'तुम्ही' लिहायला शिकवलं होतं, पण तुला तुम्ही म्हटलं की घरमालकाला पत्र लिहितोय असं वाटतं, म्हणून इथून पुढे तू.

वहिनीचा फोन आला होता. तुझ्या पायाकडे जाणारं रक्त अडतंय, ऑपरेशन झालं तर पाय वाचेल, पण सर्जन म्हणतात आधी सिगारेट बंद, मगच तारीख. त्यावर तू म्हणालास म्हणे, की धाकट्यानं सोडून काय दिवे लावले ते त्याला लिहून पाठवायला सांग, मग बघू. वहिनीनं मला बजावलं, "भावजी, चांगलं तेवढंच लिहा. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे." आता मी रोज सकाळी देवापुढे बसणारा माणूस. खोटं लिहिता येत नाही, आणि खरं लिहावं तर तुझ्या पायाचं काय होईल ते सांगता येत नाही. अशा कात्रीत सापडून लिहितो आहे.

सिगारेट सोडल्यावर आधी नाक परत येतं. डॉक्टर हे आनंदाने सांगतात, कारण ते लॉन्ड्रीत काम करत नाहीत. आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी येतात, तसे गॅरेजवाल्यांचे कपडेही येतात. तेलकट कपडा चुकून ड्रायरमध्ये गेला तर पेट घेतो, म्हणून असे कपडे आधी वेगळे काढावे लागतात. एकदा बांधलेल्या गाठोड्याशेजारून जाताना मी सहज बोलून गेलो, की यात डिझेल आहे. उघडून बघितलं तर होतं. साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी ते नाक इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. त्या दिवशी मी इस्त्रीच्या टेबलावरून उठलो तो दारात बसलो. येईल ते गाठोडं आधी माझ्यापुढे. लोकांचे मोजे, लोकांचे टॉवेल, लोकांची दुःखं, सगळं हुंगून आत सोडतो. मला आता नावाने कुणी हाक मारत नाही. "अरे, नाकाला बोलवा," म्हणतात आणि मी जातो.

दमाचंही तसंच. पूर्वी जिना चढताना मी मधे थांबून खिडकीबाहेर बघायचो, आणि लोकांना वाटायचं विचारी माणूस आहे. आता दम लागत नाही हे सगळ्यांना कळल्यामुळे लिफ्ट बंद पडली की ओझं माझ्या खांद्यावर येतं. (लिफ्ट दुरुस्त करायची घाईही त्यामुळे कुणाला राहिलेली नाही.) जिभेला चव आली त्याचं तर बोलूच नये. एके दिवशी जेवताना भाजीत मीठ जास्त आहे असं तोंडातून गेलं. बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून एवढंच घालतेय." घरात शांतता नांदते आहे. त्या शांततेत मन मात्र रमत नाही.

पण खरं नुकसान झालं ते मागच्या जिन्यावर. आमच्याकडे रजेचा अर्ज टेबलावर ठेवला तर तो टेबलावरच म्हातारा होतो. रजा मिळते ती मागच्या जिन्यात, साहेबांबरोबर सिगारेट ओढताना. तिथे ते आपणहून घरची चौकशी करतात. तुझ्याकडे यायचं म्हणून मला रजा हवी होती आणि मी तर जिन्यातून नाव कमी केलेला. शेवटी मशीनवाल्याकडून एक सिगारेट मागून घेतली, न पेटवता नुसती ओठात धरली आणि जाऊन उभा राहिलो. न पेटवलेल्या सिगारेटला पाप नाही, असा माझा हिशोब. साहेबांनी काय करावं? त्यांनी स्वतः लायटर काढून ती पेटवली. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची सिगारेट पेटवून दिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. नको कसं म्हणणार? मी ती हातात धरून तुझ्या पायाची सगळी हकीकत सांगत राहिलो आणि ती जळत जळत बोटापर्यंत आली. माझ्या डोळ्यांत पाणी बघून साहेब गहिवरले. ते पाणी बोट भाजल्याचं होतं. (सगळंच नव्हे.) रजा तिथल्या तिथे मिळाली. वर म्हणाले, "जा, पण नाक सांभाळ. सर्दी घेऊन येऊ नकोस."

असे हे फायदे. एक मात्र मनापासून लिहितो. पूर्वी सकाळी देवापुढे बसलो की खोकला बोलू देत नव्हता, देवाला माझं म्हणणं तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावं लागायचं. आता एका दमात सांगून होतं. सध्या फक्त तुझ्या पायाचं सांगतो.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनीला वाचून दाखवताना मिठाचा भाग गाळ. दोघी जावा रोज फोनवर बोलतात.

आणखी ता. क. मी येतोय, ऑपरेशनची तारीख मिळो न मिळो. पण एक अडचण आहे. त्या जिन्यातल्या धुरानंतर माझं मन पुन्हा तिकडे ओढ घेतंय. मी लोक समजतात तेवढा पक्का नाही. तुझ्या घरात पाकीट दिसलं तर मी तुझ्या शेजारी बसून ओढणार, हे मला आत्ताच दिसतंय. तेव्हा मी यायच्या आधी असेल नसेल ते घराबाहेर काढ, आणि मी आहे तोवर तूही हात लावू नकोस. पायासाठी कर असं मी म्हणत नाही. स्वतःसाठी तू कधी काही केलं नाहीस, आता काय करशील. माझ्यासाठी कर. आणि पाहुणा किती दिवस राहणार याची काळजी करू नकोस. सर्जनांना सिगारेट किती दिवस बंद लागते ते विचारूनच मी तेवढी रजा घेतली आहे.