ओलिवा मातारिता हिच्या टेकडीची वाटणी

मी, ओलिवा मातारिता गिदो, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, राहणार ला गार्सिता, निकोया, व्यवसाय पूर्वी मोलकरीण आणि हल्ली जमीनमालकीण, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून नोटरी ब्रेनेस यांना सांगून लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करत नाहीत. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेलं नाही, की गोड बोलून फशी पाडलेलं नाही. माझा धाकटा भाऊ एलिएसेर गेली सहा वर्षं दर रविवारी केळीच्या पानात मक्याचे तामाल बांधून आणतो, तो गोड बोलण्यात धरायचा का, असं मी नोटरींना विचारलं.

ते म्हणाले, "खाल्लेत का?"

"सगळे खाल्ले."

"मग धरू नका. पुढे सांगा."

खाली सही मी स्वतःच्या हाताने करणार आहे. अंगठा लावणार नाही. आमच्या घरात अंगठ्याने पुरेसं नुकसान झालेलं आहे.

पहिलं. माझ्या कोंबड्या आणि मका वाटायचा दगडी पाटा शेजारीण नूबिया हिला द्यावा. टेकडी मला ग्रिंगोच्या, म्हणजे माझ्या अमेरिकन मालकाच्या, अंथरुणात मिळाली, असं हिने गावभर सांगितलेलं आहे. कोंबड्यांना दाणे टाकताना तिने रोज एकदा "मी खोटं बोलले" असं म्हणावं. मोठ्याने म्हणण्याची सक्ती नाही. कोंबड्या तिच्यासारख्या चहाडखोर नसतात.

दुसरं. बँकेत जे आहे त्यातून माझी शवपेटी आणि एक प्रार्थना भागवावी. प्रार्थना लहान असावी. फादर लांबवू लागले तर बाकीच्यांनी जेवायला जावं.

तिसरं. माझ्या वडिलांचं खोगीर आणि कोयता तोरिबिओ याला द्यावा. हा पूर्वी टेकडीवर राखणदार होता. राखणदाराला ह्या वस्तू का, ते लिहून ठेवणं भाग आहे.

ही टेकडी माझे वडील रेदुसिंदो मातारिता यांची होती. तिथे त्यांची चौदा गुरं होती आणि वरून समुद्र दिसतो, ह्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. मी राजधानीत, सान होसेला, एका दंतवैद्याकडे कामाला होते, तेव्हा बाबांची स्मृती गेली. ते एलिएसेरला 'फादर' म्हणत आणि त्याच्या हाताचं चुंबन घ्यायला जात. त्याच दिवसांत अमेरिकेतला, मक्याच्या मुलखातला एक माणूस आपलं ट्रॅक्टरचं दुकान विकून इकडे कायमचा राहायला आला होता. नाव वेंडेल. गाव त्याला मिस्टर म्हणत असे. त्याला समुद्र दिसणारी जमीन हवी होती. एलिएसेरने बाबांचा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला, आणि मग रुमालाने नीट पुसला. पुसला हे तो अजून अभिमानाने सांगतो. त्या पैशाची त्याने लाल गाडी घेतली.

मी नाताळला घरी आले तेव्हा टेकडीला काटेरी तार होती. बाबा रोज सकाळी फाटकाशी जाऊन गुरांना हाका मारत. मिस्टरचा राखणदार तोरिबिओ त्यांना परत आणून सोडी. मार्च महिन्यात, भर उन्हाळ्यात, एकदा ते परतेनात. फाटकाला धरून उभे राहिले. मिस्टर व्हरांड्यातून ओरडला, "आजोबा घेऊन जा. मी झोपतो आता." तोरिबिओने त्यांना तारेबाहेरच्या झाडाखाली बसवलं, आपली टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि मला बोलवायला धावला. आम्ही पोचलो तेव्हा टोपी डोक्यावर होती, बाबा नव्हते. तोरिबिओने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. गावात तेवढ्या एकाला लाज वाटली, म्हणून खोगीर त्याचं.

चौथं. भाऊ एलिएसेर याला तारेबाहेरच्या त्या झाडाखालची जागा, एक माणूस मावेल एवढी. ती रस्त्यात येते, म्हणजे सरकारची आहे, म्हणजे मला ती देता येत नाही, असं नोटरी म्हणतात. ठीक आहे. माझं जे नाही ते मी त्याला देते. त्यालाही तीच सवय आहे. त्याने मार्च महिन्यात दुपारी तिथे जाऊन बसावं. टोपी आणू नये.

त्याने मागच्या रविवारी मला विचारलं, "ताई, कागदपत्रांचं काही केलंस का? आपलं रक्त आहे, म्हणून विचारतो."

"केलं ना. तुझं नाव आहे त्यात."

तो रडला. माझे हात घट्ट धरले. मी त्याला आणखी दोन तामाल वाढायला सांगितले.

पाचवं. चाकांची खुर्ची आरोग्य केंद्राला द्यावी. मिस्टरचा लोखंडी पलंग कोणालाही देऊ नये. भंगारात घालावा.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी मिस्टरकडे स्वयंपाकाला लागले. आडनाव फक्त आईचं सांगितलं, ओलिवा गिदो. एकोणीस वर्षं मी त्याला भात आणि काळ्या घेवड्याचा नाश्ता दिला, त्याचे कपडे धुतले, आणि वाट पाहिली. कशाची, ते मला माहीत नव्हतं. तो वाईट मालक नव्हता, हे इथे लिहिते. नाहीतर पुढचं लिहिण्यात काही धाडस उरत नाही.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. त्याचा पलंग समोरच्या खोलीत, मोठ्या खिडकीशी होता. मी तो मागच्या खोलीत नेला आणि भिंतीकडे तोंड करून लावला. भिंतीला चुना होता, बाकी काही नव्हतं. समुद्राचा आवाज मात्र तिथेही येतो.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "समुद्र, ओलिवा."

"आहे तिथेच आहे, मिस्टर."

तो पुन्हा म्हणाला नाही. चौदा महिने मी त्याला वेळेवर जेवण दिलं, औषध दिलं, अंग पुसलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर माझं उदाहरण इतरांना देत. पलंग तसाच राहिला.

शेवटी त्याने नोटरी ब्रेनेस यांना बोलावून घेतलं आणि टेकडी, घर, सगळं माझ्या नावावर केलं. मी दाराशी उभी होते. नोटरींनी नाव विचारलं तेव्हा तो सावकाश, एकेक अक्षर लावत म्हणाला, "ओलिवा मातारिता."

नोटरी गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"पहिला दिवस. तू दारात उभी. एक हात कमरेवर. तुझा बाप फाटकाशी तसाच उभा."

"मग ठेवलंत कशाला मला?"

"तू आलीस. मी नाही कसं म्हणू?"

"आणि पलंग? पलंगाबद्दल एक शब्द बोलला नाहीत ते?"

तो भिंतीकडे बघत होता. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. म्हणाला, "वाटलं, तुझं पुरं झालं की तू फिरवशील."

मी म्हटलं, "झालं नाही."

हे खरं नव्हतं. त्या क्षणी ते पुरं झालं होतं. जी जमीन मी हिसकावून घेणार होते ती त्याने देऊन टाकली होती, आणि एकोणीस वर्षं जो राग मी लपवून पोसला तो त्याच्या डोळ्यांसमोर जेवला-खाल्लेला होता. माझ्याकडे फक्त तो पलंग उरला होता. तो मी सोडला नाही. त्यानंतर मिस्टर सत्तावीस दिवस जगला. पलंग फिरवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. चाकं होती त्याला.

सहावं आणि शेवटचं. टेकडी आणि तिच्यावरचं घर.

एलिएसेरला दिली तर महिन्याभरात कोणी योग शिकवायला येणारा ग्रिंगो ती घेईल. दोघे येऊनही गेले. एकाने मला विचारलं, इथली शांतता किती वर्षांची आहे.

म्हणून ती मी मिस्टरची मुलगी मार्लिस हिला देते. बाप गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती आली होती. तोवर मी पलंग खिडकीशी नेऊन ठेवला होता. तिने खिडकी पाहिली, पलंग पाहिला, समुद्र पाहिला, आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "तुमच्यामुळे ते हे बघत गेले. एवढ्या एका गोष्टीवर मी झोपू शकते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो पोरी." दर नाताळला ती मला पत्र पाठवते, आणि प्रत्येक पत्रात ती खिडकी असते.

अट एकच. ताबा देण्यापूर्वी हे मृत्युपत्र तिच्या भाषेत करून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तिच्यासमोर मोठ्याने वाचावं. पाचवं कलम गाळू नये.

इथे नोटरींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ओलिवाबाई, जमीन द्या, हे नका देऊ. त्या मुलीने तुमचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही."

"मग कबुली द्यायची असेल तर फादरना द्या. मन हलकं होईल."

"मला हलकं व्हायचं नाहीये."

"तिचा बाप तिच्या मनात समुद्र बघत गेलाय. राहू द्या की तेवढं."

मी गुडघे चोळत बसले. त्यांना वाटलं, मी ऐकलं. त्यांनी कागद उचललाही.

मी म्हटलं, "माझा बाप तार बघत गेला. ते मला रोज माहीत असतं. लिहा."

त्यांनी लिहिलं.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. खाली नावं असलेल्या तिघांनी मला सही करताना पाहिलं. यातलं काहीही त्यांना मिळणार नाही, आणि ऐकून झाल्यावर काही हवं असल्याचं कोणी म्हणालंही नाही.

सही: ओलिवा मातारिता गिदो

साक्षीदार:
फ्लोरिबेत हुआरेस ओब्रेगोन, शिक्षिका
रिगोबेर्तो विल्याफुएर्ते, मासेमार
दामारिस ब्रिसेन्यो, शिवणकाम

माझ्यासमोर: ब्रेनेस, नोटरी

ला गार्सिता, निकोया. ९ मार्च २०२१, दुपारी दोन वाजता.