चि. टोब्यास

३ ऑगस्ट, रवि.
वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या ॲग्नेसच्या भावाला त्यांच्या देशात अटक झाली. वकील आहे. तुरुंगातल्या पत्रकारांची केस घेतली, एवढंच. आरोप नाही, तारीख नाही.
तिथले पंतप्रधान म्हणजे आमच्या घरातले टोबायस. माझ्या जन्माआधी ह्याच खोलीत राहून लॉ केलं. आईकडे जेवले, मराठीही तिच्याकडूनच शिकले. परत जाऊन असल्याच विनाचौकशी कैद्यांच्या केसेस लढवून मोठे झाले. ॲग्नेसचा भाऊ तेव्हा त्यांचा ज्युनिअर!
आई म्हणाली, "मी लिहिते त्याला. माझं ऐकेल."

५ ऑगस्ट, मंगळ.
आईचं अर्धं पान. "टोब्या, तू असा कसा झालास? त्या पोराला आधी घरी सोड."
पंतप्रधानांना टोब्या. बाबांनी पाटीवर घोटून घेतलेलं, पदानं मोठ्या माणसाला 'आपण'. बाबा असते तर त्यांनीही...
सगळं पुन्हा लिहिलं. माननीय महोदय, आपण. शुद्धलेखन तीनदा तपासलं, इंग्रजी भाषांतर जोडलं. आईला वाचून दाखवलं.
"छान आहे. कुणाचं पत्र?"
दिल्लीला त्यांच्या दूतावासात पाठवलं.

२१ ऑगस्ट, गुरु.
मोबाइलवर टोबायस यांची मुलाखत. कायद्यापुढे सगळे सारखे, म्हणाले. आई म्हणाली, वाळलाय. ॲग्नेस उठून वर गेली.

९ सप्टें., मंगळ.
उत्तर आलं. छापील. शुभेच्छांबद्दल आभार.
कसल्या शुभेच्छा? प्रत काढून पाहिली. शेवटी आहे, 'आपल्या उत्तम आरोग्याची कामना करून'. मीच लिहिलंय. बाकीचं पत्र कुणी वाचलंच नसणार. 'टोब्या' असतं तर निदान कुणी विचारलं असतं, ही बाई कोण?
ॲग्नेसला खरं ते सांगितलं. "इट्स ओके, ताई," म्हणाली. रागावली असती तर बरं.

१४ सप्टें., रवि.
भावाला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते सांगत नाहीत.
आईनं पुन्हा लिहिलं. मला दाखवलं नाही, पाकीट चिकटवूनच हातात दिलं. वर तिच्या अक्षरात 'चि. टोब्यास'. खाली मी इंग्रजीत पंतप्रधान कार्यालयाचा पत्ता घातला. वरचं तसंच ठेवलं. उद्या पोस्टात.
ॲग्नेस जिन्यात बसली होती. किती दिवस लागतील, विचारलं.
पंधरा-वीस, म्हटलं.
पत्र पोचायला की भाऊ सुटायला, तिनं विचारलं नाही.