सिंदी फाट्यावरील माझे पहिले अक्षर

॥ श्री ॥
फाल्गुन वद्य एकादशी

चिरंजीव जामात धनंजयराव यांस दामोदर गंगाधर याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आपण, चि. सौ. छाया व आमची नात नागपुरी कुशल असाल. आपल्या पाठदुखीवर मागे सुचविलेला निर्गुडीच्या पाल्याचा शेक आपण घेतला असेल, असे गृहीत धरतो (घेतला नसल्यास कळवू नये, आपल्या सासूबाई ती गोष्ट मनास लावून घेतात). येथे आम्ही उभयता शरीराने बरे आहोत. कीर्तीने मात्र मी अंथरुणास खिळलो आहे, आणि त्या दुखण्याचे मूळ आपण ज्या कंपनीत हिशेब पाहता त्याच कंपनीत असल्यामुळे आपणांस तसदी देत आहे.

आपली कंपनी लोखंडी नळ्या करते आणि नफ्याचा काही अंश समाजासाठी वेचते, हे मला मान्यच नव्हे तर प्रिय आहे. पूर्वाचार्यांनी दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले. छायाचित्रासहित दान हा चौथा प्रकार त्यांच्या काळी उपलब्ध नव्हता, इतकेच. देश, काल व पात्र पाहून द्यावे, असे शास्त्र म्हणते. आपले लोक त्याखेरीज ऊन कोणत्या बाजूने येते तेही पाहतात.

तर गेल्या कार्तिकात कंपनीने आमच्या मारुतीच्या सभामंडपात प्रौढांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला. वर्ग चालविणाऱ्या वर्षाली मॅडम अत्यंत गुणी (माणूस दिसताच आधी पाणी विचारतात, हल्ली हे दुर्मीळ). उद्घाटनास मुंबईहून भूपेंद्र साहेब आले आणि सरस्वतीपूजनास मला पाचारण झाले. सर्व सिद्ध होते. केवळ विद्यार्थी नव्हते. ऐन वेचणीचे दिवस, तेव्हा नाव नोंदविलेला प्रत्येक जण कापसाच्या वावरात. मंडपात कोऱ्या पाट्या, फुगे, साहेब, छायाचित्रकार, एक कुत्रे आणि मी. मॅडमचा चेहरा पाहवेना.

येथे माझ्या विद्वत्तेनेच माझा घात केला. पूजा आटोपताच मी साहेबांस बजावले होते की, अक्षरारंभ हा संस्कार आहे. तो फीत कापून सिद्ध होत नाही. ताटात तांदूळ पसरावेत, गुरूने शिष्याचा हात आपल्या हाती घ्यावा आणि पहिले अक्षर गिरवून घ्यावे. आरंभिलेला संस्कार अर्धवट सोडल्यास दोष लागतो. साहेबांस हे इतके पटले की ते तत्काळ गुरू होऊन बसले. मग त्यांनी शिष्यासाठी सभोवार पाहिले. मोकळा हात असलेला मी एकटाच होतो.

"बाबाजी, बस दो मिनिट," साहेब म्हणाले. दोष लागतो हे मीच सांगून बसलो होतो, तेव्हा उठणार कसा? मॅडमनी उत्साहाच्या भरात उदबत्त्यांचा अख्खा पुडा माझ्या नाकासमोर पेटविला होता. साहेबांनी माझा हात धरून तांदळात 'अ' काढला आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. छायाचित्रकार म्हणाला, "काका, मस्त. असंच रडत राहा."

पौषात आमचा शेजारी गोपाल सायकल टाकून धावत आला. "महाराज, तुम्हाले फाट्यावर लावलं जी. लय मोठं लावलं. तुमच्या नाकाखाली दोन ट्रक उभे राह्यते." जाऊन पाहतो तो सिंदी फाट्यावर मी वीस फूट उंच, गालावर कोहळ्याएवढा अश्रू, आणि खाली 'शहात्तराव्या वर्षी गिरवले पहिले अक्षर!' गोपाल बराच वेळ मान वर करून पाहत होता. मग हळूच म्हणाला, "मंग इतके वर्षं पोथीत पाहून तुम्ही काय म्हणत होते?"

घरी आपल्या सासूबाईंचे समाधान निराळेच झाले. "लग्नापासून सांगून राह्यली, किराण्याची यादी लिहून द्या. एक डाव दिली नाई. आता समजलं काऊन ते."

हेही मी सोसले असते. परंतु सिंदीचा रामनवमीचा सप्ताह गेली तीन तपे माझ्या वाचनाने होतो, हे आपण जाणता. त्या व्यासपीठावाचून माझ्या वर्षाला अर्थ नाही. समितीचे अध्यक्ष, कापसाचे व्यापारी ओमप्रकाशजी माघात घरी आले, दोनदा चहा घेतला आणि जोड्यांत पाय घालताना म्हणाले, "महाराज, आपल्याले त सारं माहीत हाय. पर पब्लिक बोर्ड वाचून राह्यली, तिले काय सांगाव?" यंदा व्यासपीठ सेलूच्या सदाशिवरावांस दिले आहे. (त्यांच्याविषयी मला मत्सर नाही. त्यांचा आवाज उत्तम आहे. तो कोणत्या ओळीवर आहे हे मात्र त्यांच्या बोटासच ठाऊक असते. बोट उचलले की अध्याय हरवतो.)

मॅडमनी कळवळून उपाय सुचविला: वर्गाची परीक्षा द्यावी आणि साक्षरतेचे प्रमाणपत्र समितीस दाखवावे. बसलो. प्रश्न एकच: 'स्वतःचे नाव व गाव लिहा.' शिष्टसंप्रदायास अनुसरून मी मंगलाचरणाने आरंभ केला, मग गुरुवंदन, मग गोत्र व प्रवर. पणजोबांपर्यंत पोहोचलो तोच घंटा झाली आणि कागदही संपला. निकाल असा की, 'नाव लिहिता येत नाही. पुन्हा वर्गात बसावे.' शेजारच्या पाटीवरच्या जिजाबाई पहिल्या आल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "मन लहान करू नका बाबाजी. पयले पयले मलेबी नव्हतं येत."

तरी धनंजयराव, माझे मागणे एकच. सप्ताहास अद्याप अवधी आहे. साहेबांच्या कानी घालून तो फलक त्वरित उतरवावा. मला कीर्तीचा मोह नाही. केवळ सत्याची चाड आहे.

आपल्या पाठीस आणि माझ्या नावास लवकर आराम पडो, या इच्छेसह लेखणी ठेवतो.

आपला श्वशुर,
दामोदर गंगाधर

ताजा कलम (चैत्र शुद्ध दशमी): वरील पत्र टपालात पडू शकले नाही. पेटी फाट्यावर, नेमकी माझ्या हनुवटीखाली आहे. तेथे जाण्याचे धैर्य झाले नाही. दरम्यान सप्ताह पार पडला. मी श्रोत्यांत खांबाआड बसलो होतो. तिसऱ्या सायंकाळी वीज गेली, सदाशिवरावांचे बोट उचलले गेले आणि ते थांबले. सवयीने माझी जीभ पुढे चालू लागली. तो अध्याय संपला, पुढचाही झाला. दिवे आले तेव्हा सारा मंडप खांबाकडे वळून बसला होता. ओमप्रकाशजी हात जोडून म्हणाले, "कार्तिकात 'अ', अन् चैत्रात अख्खी पोथी. तेबी अंधारात!" मी उभा राहून स्पष्ट सांगितले की, पोथी मी लहानपणापासून वाचतो. लोकांनी तो विनय समजून पायांवर डोकी ठेवली. उरलेले दिवस मीच वाचले. आता वर्गास बसायला जागा नाही, आणि पहिल्या रांगेत नवी पाटी घेऊन सदाशिवराव बसतात.

तेव्हा फलक कृपया उतरवू नये. बाया जाता-येता त्यास हळदकुंकू वाहतात, लोकभावना दुखावेल.

पुनश्च: असाच एक फलक सेलूच्या बसस्थानकावर, सदाशिवरावांच्या ओसरीतून नीट दिसेल असा, लागल्यास लोकशिक्षण होईल. (मत्सर नाही, हे वर आलेच आहे.)

आणखी पुनश्च: वैशाखात माझी फेरपरीक्षा आहे. मॅडमनी चार पुरवण्या आधीच द्याव्यात. मंगलाचरण गाळता येणार नाही. नवीन छायाचित्र त्याच दिवशी काढावे. उदबत्त्या मात्र लावू नयेत. अश्रू मी घरून आणीन.