काशीरामची भांग

मुलुंड, मंगळवार

थोरल्या बहिणीचा फोन मध्येच कापायचा हे तुला कुणी शिकवलं रे? चारदा लावला, चारदा कापलास. म्हणून कागद घेतला. चौथी पास बाईचं अक्षर आहे, वाचताना डोळे दुखले तर तुझेच दुखतील.

चि. काशीराम यास शकुताईचा आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझे दोन्ही गेले, तेव्हा तुझ्या एकाचं कौतुक नको.

पवईहून फोन करून ‘आजोबा, नशेत नोंदी पाठवू नका’ म्हणाले ते आमच्या नातीचे, अक्षताचे साहेब. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्याला असं म्हटलं की लागतंच. पण माणूस वाईट नाही (तुमच्या किनाऱ्याचा अंदाज चुकला की डबा तसाच घरी नेतो म्हणे). त्यांचा उपग्रह खोल समुद्र नीट बघतो, काठाशी आला की त्याला माझ्यासारखा मोतीबिंदू होतो. म्हणून तू रोज पाणी बघून मोबाईलवर एक ओळ लिहायचास, आणि त्यांचा संगणक तिच्याशी ताडून आपला अंदाज सुधारायचा. तू लिहिलंस, ‘आज भांग. सगळं सुस्त.’ चार दिवस तेच. साहेबांना वाटलं म्हातारा पिऊन पडलाय, दर पंधरवड्याच्या त्या नोंदी टाकून दिल्या. शेवटी मी नातीला समजावलं, बाई, अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भरतीचा जोर मरतो तो भांग, घोटून प्यायची ती नव्हे. (चौदाव्या मजल्यावर वाढलेली पोर, तिचं पाणी सकाळ-संध्याकाळ नळाला येतं.)

तोवर संगणकाला वाटलं, तुझ्याकडे सदाच उधाण. अष्टमीला तो म्हणाला पाण्याला ओढ आहे, तुझा लेक सुयोग होडी वर घेऊन बसला, बाकीचे बांगडा भरून आले. मग सुयोगने अंदाज बघणंच सोडलं. गेल्या आठवड्यात लाटांचा इशारा खरा होता, तेव्हा नेमका गेला. होडीत गुडघाभर पाणी घेऊन परतला. सूनबाईचा फोनवरचा आवाज मी ऐकलाय.

साहेबांनी माफी मागितली, टाकलेल्या नोंदी परत घेतल्या. पुढच्या हव्यात, आणि तू तोंड फुगवून बसलायस.

तुझी शकुताई

ता. क. शनिवारी अष्टमी आहे. नोंद पाठव. ‘भांग’ शब्द बदलू नकोस, त्यांना शिकू दे.

आणखी एक ता. क. साहेबांनी तुला फोन करण्याआधी अक्षताकडून मला विचारून घेतलं होतं. ‘आजी, मामाआजोबांकडे भांग असते का गं?’ मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. म्हटलं, ‘दर अष्टमीला, तीन-चार दिवस. लहानपणापासून.’ तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागव.

नोंदी पाठवणार की नाही, याचं उत्तर मात्र तू लिहायचं नाहीस. सुयोगने लिहायचं. समुद्रात तो जातो.