बाहेरचा एक्सल

सौसर,
रविवार, ता. ९ डिसेंबर १९५६

चि. गजानन,

तुला आणि सौ. सुनंदाला ताईचे आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल. सुनंदाला आता पाचवा लागला असेल. तुमचा नळ खाली आहे म्हणून मुद्दाम लिहिते, तिला पाण्याच्या बादल्या चढवू देऊ नकोस. आईचं पत्र पांढुर्ण्याहून आलं होतं, तिचा खोकला कमी आहे.

इकडे थंडी चांगली पडली आहे. दिवाळीनंतर संत्र्याची एक पेटी छोट्या रेल्वेगाडीने पाठवली होती, ती पोचल्याचं तू कळवलं नाहीस. पोस्टात गेले तर मास्तर म्हणाले, बाई, नागपूरच्या पत्त्यात आता मुंबई राज्य लिहायचं. आम्ही होतो तिथेच मध्यप्रदेशात राहिलो आणि तुम्ही निघून गेलात. चाळीस मैलांवरचा भाऊ एका दिवसात परप्रांतातला झाला, याचं पहिल्यांदा हसू आलं होतं.

तुमच्या मोटार एजन्सीचं पत्र मंगळवारी आलं. ह्यांनी उभ्यानंच वाचलं आणि घडी करून कोटाच्या खिशात घातलं. डाव्या हातानं, कारण उजवा अजून गळ्यात बांधलेला आहे. हाताचं तुला लिहिलं नव्हतं. मनगटाचं हाड मोडलं आहे. बसेल म्हणतात.

मी विचारलं, "काय म्हणते कंपनी?"

"काही नाही. एक्सल देत नाहीत."

दुपारी हे झोपले तेव्हा मी ते पत्र काढून शेजारच्या उर्मिलाबाईंकडे नेलं. त्या शाळेत इंग्रजी शिकवतात. मला इंग्रजी अक्षरं येत नसली तरी खालची सही तुझी आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तू आमच्या घरी राहून मॅट्रिक केलंस, तेव्हा ह्यांच्या औषधाच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर तीच सही गिरवायचास.

उर्मिलाबाईंनी अर्थ सांगितला. एक, गाडीची वॉरंटी सहा महिन्यांची, ती तेरा नोव्हेंबरला संपली. दोन, सौसर आता आमच्या एजन्सीच्या हद्दीत येत नाही, तुम्ही जबलपूरच्या एजन्सीला लिहावं. तीन, मालकानं आमच्या नकळत आणि परवानगीशिवाय बाहेरच्या कारखान्यात केलेला एक्सल बसवला, त्यामुळे पुढे जे झालं त्याची जबाबदारी आमची नाही.

पहिल्या दोन गोष्टींचं मला काही म्हणायचं नाही. पहिला एक्सल जुलैत तुटला, गाडी घेऊन दोन महिने झाले होते. तू स्वतः नवा एक्सल घेऊन छोट्या गाडीने आलास, सोबत मिस्त्री आणलास, आम्हाला किती बरं वाटलं होतं. मग सप्टेंबरात तोही तुटला. तुकडे तपासणीला पाठवा म्हणालात, आम्ही पोत्यात बांधून सौसर स्टेशनावरून पाठवले. ते तुकडे नागपूरहून कारखान्यात गेले, आणि कारखान्याचं उत्तर काही आलं नाही. ग्यारंटीचे दिवस त्या तुकड्यांच्या प्रवासातच संपले. जबलपूरलाही ह्यांनी लिहिलं होतं. ते म्हणतात, ज्यांनी विकली त्यांना विचारा.

पण "आमच्या नकळत" हे शब्द मी उर्मिलाबाईंना दोनदा वाचायला लावले.

गजू, भाऊबीजेला तू जेवायला बसला होतास आणि मी वाढत होते. गाडी दीड महिना शेडमध्ये उभी होती. हे म्हणाले, बोरगावला, लोधीखेड्याला सायकलनं जाऊन जाऊन पाय राहिले नाहीत, बाळंतिणीला वेळेवर पोचता येत नाही. तेव्हा तू म्हणालास, "भाऊजी, कंपनीच्या भरवशावर बसाल तर होळी येईल. माझ्या ओळखीचा लेथवाला आहे. माप त्याच्याकडं आहे. एक्सल करून घ्या आन् गाडी चालू करा."

हे म्हणाले, "मंग उद्या म्हणतील बाहेरचा माल लावला."

तू हसून म्हणालास, "कोण म्हणते? म्हणणारा मीच तर बसून राहिलो तिथं."

मी तुझ्या पानात पुरणपोळीवर तूप वाढलं. तो एक्सल तू सांगितलेल्या लेथवर झाला. तू पाठवलेल्या मिस्त्रीनं बसवला. पण हे सगळं तुझ्या सल्ल्यानं झालं, ही गोष्ट मला, ह्यांना आणि तुला, तिघांनाच ठाऊक आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. एजन्सीला ह्यांनी "गाडी नाल्यात उतरली" एवढंच कळवलं होतं. तुला वाटलं असेल, पत्रा चेपला असेल.

एकवीस तारखेला सकाळी बोरगावहून एक शेतकरी बैलबंडी घेऊन आला. सून अडली होती. हे गाडी काढून निघाले, नेहमीप्रमाणे सुईण म्हणून देवकाबाई सोबत. ती मागं बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी तिला म्हटलं, मावशी, चहा घेऊन जा. म्हणाली, "येऊन घेतो बाई, तिकडं पोरगी वाट पाहून राहिली." त्या एक्सलची तिला फार गंमत वाटायची. "आमच्या बंडीचा आस तुटला तं सुतार दुपारपर्यंत दुसरा करून देते," म्हणायची, "डॉक्टरबुवाच्या बंडीचा सुतार किती लांब राहते जी?"

बोरगावच्या अलीकडच्या उतारावर एक्सल तुटला. मागचं चाक निघून पुढं पळत गेलेलं ह्यांनी पाहिलं. गाडी नाल्यात गेली. ह्यांचा हात मोडला. देवकाबाईचं डोकं दगडावर आपटलं. शेतातल्या माणसांनी दोघांना बंडीत घालून आणलं. ती तीन दिवस आमच्या पुढच्या खोलीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. बोरगावची सून आपली आपणच मोकळी झाली, मुलगा झाला, दोघं बरी आहेत. हे कळलं तेव्हा देवकाबाई शुद्धीत नव्हती.

अठरा दिवस झाले. तुला हे आधी लिहिता आलं नाही. मॅट्रिकच्या वर्षी तुला टायफॉईड झाला होता, तेव्हा मी माहेरी अडकले होते आणि तुझं सगळं देवकाबाईनं केलं. तिला तूच "मोठी आई" म्हणायचास.

फौजदारानं ह्यांच्यावर केस केली आहे. गाडी सदोष आहे हे ठाऊक असून माणूस बसवून चालवली, असं लिहिलं आहे. तुमच्या पत्राची नक्कल त्याच्याकडेही आली. छिंदवाड्याचे वकील म्हणतात, एजन्सीच्या माणसानं नुसतं एवढं सांगितलं की हा एक्सल आमच्या सल्ल्यानं लावला, तर डॉक्टरांवरचा बोजा उतरेल. ह्यांनी त्यांना अर्ध्यावर थांबवलं. मला घरी येऊन सांगितलं, "गजाननचं नाव या प्रकरणात काढायचं नाही. त्याची नोकरी जाईल. घरी पहिलं बाळ येऊन राहिलं."

म्हणून हे पत्र त्यांना न विचारता लिहिते आहे. तू बोललास तर तुझं घर बसतं, नाही बोललास तर माझं. दोन्हीकडं मीच आहे रे. मी तुला बोल म्हणत नाही, गप्प राहा असंही म्हणत नाही. बावीस जानेवारीला सौसरच्या कोर्टात तारीख आहे. सकाळची गाडी दहाच्या आधी पोचते.

आईला यातलं काही कळवू नकोस.

तुझी,
विजयाताई


सौसर,
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९५७

गजानन,

पार्सल पोचलं. स्टेशनमास्तरांनी हमाल पाठवून कळवलं, तेव्हा वाटलं तू संत्र्याची रिकामी पेटी परत केली असशील. उघडलं तर आत गवतात गुंडाळलेला नवा एक्सल. कंपनीचा शिक्का, वर तेल लावलेलं. गवत सगळं उपसून पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

सोबतच्या पावतीचा अर्थ उर्मिलाबाईंनी सांगितला. हक्क म्हणून नव्हे, केवळ सद्भावनेनं दिला, असं त्यात लिहिलं आहे. तू त्यासाठी वर किती जणांच्या पाया पडला असशील ते मला कळतं. पण तो आला तारखेच्या दुसऱ्या दिवशी, आणि मला वाट दुसऱ्या कशाची होती.

बावीस तारखेला मी स्टेशनावर गेले होते. ह्यांना देवळात जाते म्हणून सांगितलं होतं. गाडी वेळेवर आली. लोधीखेड्याच्या बाजारचे लोक उतरले, दोन शिपाई उतरले, एक वऱ्हाड उतरलं. गार्डानं शिट्टी दिली तरी मी उभी होते. नंतर तशीच कोर्टात गेले.

तिथं काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला पाहिजे. मॅजिस्ट्रेट नवे आहेत, सागरकडचे, मराठी त्यांना येत नाही. वकिलांनी आधीच ठरवलं होतं की एजन्सीच्या मॅनेजरला आणि तुला समन्स काढायची मागणी करायची. ते उठायच्या आत हे उभे राहिले. हिंदीत म्हणाले, एक्सल बाहेरून करून आणायचा निर्णय माझा होता, आधीचे दोन तुटले आहेत हे मला ठाऊक होतं, मी गुन्हा कबूल करतो. वकिलांनी कोट ओढला, ह्यांनी मागे पाहिलं नाही. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तुम्हाला कुणी तसा सल्ला दिला होता का? हे म्हणाले, नाही.

मी बायकांच्या बाकावर बसले होते. मला उठता आलं असतं. रात्रंदिवस त्यासाठीच मनात वाक्यं जुळवली होती. ह्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मी बसूनच राहिले. आता रोज वाटतं, उठायला हवं होतं. उठून काय सांगितलं असतं? माझा नवरा खोटं बोलतो, की माझा भाऊ?

दंड झाला, कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. गाडी चालवायचा परवाना गेला. हे दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बसून होते, ज्यांची मुलं ह्यांच्या हातून जन्मली ते लोक समोरून जाताना मान खाली घालत होते. पण खरी शिक्षा मनगटाची झाली. हाड वाकडं जुळलं. सुई धरली की हात कापतो. परवा एका मुलाला इंजेक्शन द्यायचं होतं, दोनदा टोचून नस मिळाली नाही, तेव्हा त्याच्या बापानंच हळू म्हटलं, "राहू द्या डॉक्टरसाहेब, नागपूरला नेतो." हे आत येऊन पलंगावर बसले. मी विचारलं, चहा करू का? म्हणाले, कर. मी केला. तो तसाच गार झाला.

नव्या एक्सलकडं त्यांनी पाहिलं, बोटानं तेल पुसलं आणि म्हणाले, "चांगला आहे. हा टिकला असता." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

देवकाबाईची मुलगी मनकर्णा आठवड्यापूर्वी येऊन गेली. तिचा आमच्यावर राग नाही. ती म्हणाली, "डॉक्टरबुवानं आईले तीन दिवस उशाशी बसून पाहिलं, मोडल्या हातानं. माह्या डोळ्यानं पाहिलं मी." जाताना दारात थांबून विचारलं, "गजाभाऊ आला नाही का जी? आई शुद्धीवर आली तवा एक डाव त्याचंच नाव घेतलं होतं. वाटलं तेराव्याले येईन."

मी म्हटलं, त्याला रजा मिळाली नाही.

तिनं मान हलवली. "सरकार बदललं, आता रजा भेटत नसन," म्हणाली आणि गेली. तिनं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला.

गजानन, ह्यांनी तुला वाचवलं. मीही बाकावर बसून तुला वाचवलं. कागदावर तुझं नाव कुठंच नाही, नोकरी शाबूत आहे, बाळ येईल तेव्हा त्याच्या बापाला कुणी काही विचारणार नाही. तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही, हे तू खरं मान. तू भित्रा आहेस असंही मी म्हणत नाही. सही करताना टेबलाच्या पलीकडं मॅनेजर उभा असेल, घरी सुनंदा असेल. मी तुझ्या जागी काय केलं असतं ते मला माहीत नाही. कोर्टात मी काय केलं ते मात्र मला माहीत आहे.

पण मनकर्णाला मी खोटं सांगितलं आणि ते मला निभत नाही. माझ्याकडं येऊ नकोस. ह्यांच्याकडं तर मुळीच येऊ नकोस, ते तुला पाहून हसतील, जवळ बसवतील, आणि ते मला पाहवणार नाही. एका रविवारी सकाळच्या गाडीनं ये आणि स्टेशनावरून सरळ मनकर्णाच्या घरी जा. गणपतीच्या देवळामागचं तिसरं घर, तू शाळेत असताना शंभरदा जेवला आहेस तिथं. तिच्यासमोर बस आणि एक्सल कुणाच्या सांगण्यावरून लावला ते तिला सांग. तिला इंग्रजी येत नाही, कोर्ट येत नाही, ती कुठं लिहून देणार नाही. तुझं काही जाणार नाही.

तू तिथं जाऊन आलास हे कळलं, की मी पुन्हा पहिल्यासारखा आशीर्वाद लिहीन. आज तो हातून उतरत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

विजया